दाबून भरलेला सायलेन्सर

सामान बांधणं हा आमच्या घरचा कुळाचार होता. बाबा विमा कंपनीत अधिकारी, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. कपबशा, देव, शिलाई मशीन सगळं खोक्यांत जायचं आणि बोट शिरेल एवढी जरी फट दिसली तरी बाबा तिथे जुना मोजा कोंबायचे. मग खोकं कानाशी धरून हलवायचे. काही वाजलं नाही की म्हणायचे, "आता हलत नाही." इंदूर, भोपाळ, शेवटी जयपूर. एवढ्या प्रवासात एक बशी फुटली नाही. मला याचा फार अभिमान होता, आणि त्या अभिमानानेच माझा घात केला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही सहा जण विद्यार्थ्यांच्या रेसिंग स्पर्धेसाठी गाडी बनवत होतो. मोटरसायकलचं इंजिन, पाइपांचा सांगाडा, एक सीट. कॉलेजने परवानगी दिली, आशीर्वाद दिले, जागा मात्र दिली नाही. मग गाडी जवाहर नगरला आमच्या भाड्याच्या घराच्या पोर्चमध्ये उभी राहिली आणि बाबांची स्कूटर बाहेर उन्हात गेली.

त्याच उन्हाळ्यात बाबांच्या बदलीचं पत्र आलं. सातारा. एकोणीस वर्षं ते दरवर्षी ज्यासाठी अर्ज करत होते ते त्यांचं गाव. आईने पेढे वाटले. मी जेवताना विचारलं, "बाबा, गाडी फेब्रुवारीत धावणार. आत्ता घर सोडलं तर तिला ठेवू कुठे?" तिसऱ्या दिवशी त्यांनी यंदा नको म्हणून ऑफिसला लिहून दिलं. आई भांडली, तेव्हा म्हणाले, "सातारा कुठं पळून जातोय? पोराची गाडी तरी धावताना बघू."

सातारा पळालाच. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली आणि बाबांची नोकरी संपेपर्यंत काही रिकामी झाली नाही. त्या प्रश्नाची मला आज लाज वाटते. तेव्हा नुसतं हायसं वाटलं होतं.

स्पर्धेत गाडी धावायच्या आधी तिच्या आवाजाची परीक्षा असते. धुराच्या नळीपासून अर्ध्या मीटरवर माइक धरतात, इंजिन ठरलेल्या वेगापर्यंत पिळायला लावतात आणि मीटर बघतात. आमच्या वेळी एकशे दहा डेसिबलची मर्यादा होती. त्याच्या आत असाल तर गाडीवर स्टिकर, नाहीतर ट्रॅकवर पाऊल नाही. सगळी भिस्त सायलेन्सरवर. आत भोकं पाडलेली नळी, बाहेर मोठा डबा, आणि मधे आवाज गिळायला काचेच्या तंतूंचा कापूस.

डबा झोटवाड्यातल्या टेम्पोचे सायलेन्सर जोडणाऱ्या मिस्त्रीने करून दिला. भरण्याचं काम मी मागून घेतलं. सामान बांधणाऱ्यांच्या घरचा मुलगा मी, मला कोण शिकवणार! लाटण्याच्या टोकाने ठोकून ठोकून भरला. बाबांनी डबा गुडघ्यांत धरला होता. शेवटचा चिमूटभर कापूस त्यांनीच अंगठ्याने दाबून बसवला, कानाशी हलवून पाहिला आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हणाले.

आवाज तपासला तोही आमच्याच पद्धतीने. कॉलनीत इंजिन पिळायची सोय नव्हती, लोकांची झोपायची वेळ, मुलांचे अभ्यास. त्यामुळे ते नेहमी हळूच चालवायचो. शेजारच्या आंटी भिंतीवरून म्हणाल्या, "बेटा, इससे ज़्यादा तो हमारा कूलर बोलता है।" आम्ही टाळ्या दिल्या. शेजाऱ्यांची तक्रार नाही म्हणजे गाडी पास, इतके आम्ही हुशार.

स्पर्धा जयपूरबाहेरच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर होती. बाबा रजा काढून आले, ऑफिसचेच बूट घालून, आईने दिलेला डबा घेऊन. आमचा नंबर दुपारी लागला. परीक्षक वयस्कर सर होते. त्यांनी कानांत बोळे घातले आणि अंगठा वर केला. आमच्या ड्रायव्हरने पहिल्यांदाच इंजिन खरंखुरं पिळलं.

आमच्या गाडीचा तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. माझे हात आपोआप कानांवर गेले. मीटरवर एकशे सोळा.

"पाँच बजे तक दो मौके और हैं," सर म्हणाले. आम्ही सायलेन्सर उघडला. त्यांनी कापसात बोट घालून पाहिलं. बोट शिरेना.

"किसने भरा?"

"मैंने, सर।"

"बेटा, ये तो ईंट बना दी तुमने। आवाज़ को अंदर घुसने की जगह तो छोड़ते।"

अति तेथे माती म्हणतात ती ही. आवाज गिळायला कापूस सैल लागतो, मधे हवा लागते, हे मी पुस्तकात वाचलंही होतं. पण हाताला घरचं वळण होतं. बाबा दोन पावलांवर उभे होते. पंचवीस वर्षं हिंदीत नोकरी केलेल्या माणसाने मला विचारलं, "काय म्हणाले रे?"

"काही नाही. थोडा सैल करायचाय."

त्यांनी मान हलवली आणि आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

कापूस उपसला तर अर्धा हातातच भुगा झाला. दाबलेला आणि वर भाजलेला. उरलेला पिंजून भरला: एकशे तेरा. तळहात कुसळं टोचल्यासारखे जळत होते. दुसऱ्या एका कॉलेजच्या मुलांनी त्यांच्याजवळचा मूठभर कापूस आपणहून आणून दिला. तो हलक्या हाताने पसरला, झाकण लावलं. पाचला दहा मिनिटं कमी.

एकशे अकरा.

सरांनी मीटरवर टिचकी मारली, पुन्हा पाहिलं. आकडा खाली यावा असं त्यांनाही वाटत होतं, हे मला स्पष्ट दिसलं. आमच्यातल्या एकाने हात जोडले, "सर, एक से क्या होता है?"

"एक से ही तो होता है," ते खालच्या आवाजात म्हणाले आणि मीटर पेटीत ठेवला.

स्टिकर नाही म्हणजे मैदानावर इंजिन चालू करायलाही बंदी. गाडी टेम्पोपर्यंत ढकलत न्यायची. आम्ही सहा जण होतो, तरी बाबा आले आणि मागच्या पाइपाला हात लावला. वाळूत बूट घसरत होते. "हलकी आहे रे," ते म्हणाले. मला मोठ्याने रडावंसं वाटलं. सातारा सोडून त्यांनी बघितलेली ती गाडीची एकुलती एक धाव, आणि ती त्यांनीच ढकललेली.

टेम्पोवाल्याने दोरी ढिली बांधली होती. बाबांना ते बघवलं नाही. ते वर चढले, दोरी सोडून पुन्हा आवळली. चाक आणि फळीच्या मधे फट राहिली होती, तिथे अंगातला स्वेटर काढून कोंबला. मग दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवून पाहिली.

"आता हलत नाही," ते सवयीने म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता खाली उतरले.