पाहणीच्या दिवशी मी बोलले नाही

कस्तुरीताई दुभाषी आहेत. नागपुरात वाढल्या, लग्न होऊन तामिळनाडूत आल्या. सूत विकत घेणाऱ्या कंपनीची माणसं गिरणीत पाहणीला येतात, तेव्हा आमच्यासारख्या पोरींचं बोलणं त्यांना समजावून सांगणं हे त्यांचं काम. त्यांचं नाव आधी लिहून ठेवते. बाकीचं लिहिताना मधेच थांबले, तर निदान नाव तरी राहील.

नववीत शाळा सुटली. चार वर्षं आसेगावच्या शिवारात निंदणी-वेचणी केली, मग तामिळनाडूतल्या सूतगिरणीची गोष्ट निघाली. कारंजाच्या एसटी स्टँडवर आम्ही सात जणी होतो. नेणारे मुकादम आईच्या माहेरकडचे, म्हणून सगळ्यांचेच मामा. प्रवासात हरवतील म्हणत त्यांनी तिथंच आमची आधार कार्डं गोळा केली. मी जरा मागंपुढं केलं, तर बाबा म्हणाले, "दे ना वं. मामा हाये तो, चोर थोडीच हाये." सगळ्या हसल्या, मीही हसून कार्ड दिलं. परका असता तर बाबांनीच त्याला दहा प्रश्न विचारले असते. पण नात्यातल्या माणसाकडं आपला कागद परत मागणं आमच्यात चांगलं दिसत नाही.

गिरणीत मी सुतानं भरलेल्या बॉबिन, म्हणजे रिळं, काढून रिकाम्या लावायची. आमच्याकडच्यासारखाच पांढरा कापूस, पण इथं तो नाकातोंडात जायचा. हॉस्टेल गिरणीच्या आवारातच. मामांच्या चिठ्ठीशिवाय वॉचमन फाटक उघडत नसे. फोन रविवारी, तोही वॉर्डनबाईंसमोर. एक पाळी संपली की दुसरीत उभं करायचे. कार्ड मागितलं की मामा म्हणायचे, "काहून? कोनासंगं पळून चालली का?" पोरी हसायच्या आणि मागणारी गप्प व्हायची.

पाहणीच्या दिवशी मात्र फाटकाचं कुलूप निघायचं आणि प्रत्येकीच्या हातात तिचं कार्ड यायचं, संध्याकाळपर्यंतच. उत्तरं आधीच पाठ करून घेतलेली असायची. अशाच एका पाहणीत कस्तुरीताईंनी माझं कार्ड उलटं केलं. मागं चिठ्ठी चिकटवलेली होती, सत्तावीस. मामांनी आणलेल्या सगळ्याच पोरींच्या कार्डांवर तसे नंबर होते, त्यांच्या पेटीत कार्डं त्याच क्रमानं राहायची. त्यांनी हळूच विचारलं, "हा नंबर कोणी लावला, बाळा?"

मामा दारात उभे होते. मी म्हटलं, "मीच लावला."

घरी कधी गेली होतीस, असं त्यांनी विचारलं तर मी म्हणाले, इथंच मन लागलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पोरीला बोलावलं.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. बाबांना लकवा मारला होता. "बाबा तुयी वाट पाहून राह्यले," एवढंच ती म्हणाली. मामांनी सांगितलं, बदली पोरगी आल्यावर जा. मी रोज विचारायची, ते रोज तेच सांगायचे. तीन आठवडे गेले.

मग एका रविवारी कस्तुरीताई न सांगता आल्या. ऑफिसात न जाता सरळ आमच्या धुण्याच्या दगडांपाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "तू खोटं बोललीस ते मला तेव्हाच कळलं होतं. पण तुझ्या तोंडून आल्याशिवाय मला तुझ्या नावानं काही लिहिता येत नाही."

मी ओला परकर हातात धरून म्हटलं, "मले घरी जा लागते, ताई. माह्यं कार्ड मामापाशी हाये."

दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं ऑफिसात येऊन बसली. पोरींची कार्डं परत मिळाल्याशिवाय सूत उचलणार नाही म्हणाली. तेव्हा मामांची पेटी उघडली. ताईंनी स्वतः मला गाडीत बसवून दिलं.

आसेगावात पोचले तर बाबा गेले होते, त्या दिवशी त्यांचं पुण्यानुमोदन होतं. आईनं वॉर्डनबाईंकडं निरोप ठेवला होता, तो माझ्यापर्यंत आलाच नव्हता. आई म्हणाली, "शेवटपर्यंत दाराकडं तोंड करून झोपत होते." बुद्धवंदना सुरू झाली, तशी मी आईशेजारी जाऊन बसले. पहिल्याच वेळेस खरं बोलले असते, तर बाबा भेटले असते. ताई म्हणतात, दोष तुझा नाही. ते मला पटतं, पण रोज नाही पटत.

आता मी पुन्हा तामिळनाडूतच आहे, दुसऱ्या गिरणीत. लहान भावाची शाळा आहे, म्हणून आले. कार्ड माझ्या पेटीत, किल्ली माझ्या गळ्यात. तरी कोणी कार्ड दाखव म्हटलं की मी ते हातातून सोडत नाही. गावाकडच्या बाया विचारतात, आता तुझं घर कोणतं? बोलावणं आलं की कोणाला न विचारता जिथं जायला निघता येतं, ते माझं घर. हे कळायला मला फार उशीर झाला. म्हणून गावातून निघणाऱ्या पोरींनो, नेणारा सख्खा मामा असला तरी कागद आपल्याजवळच ठेवा.

ताई, तुम्ही म्हणता इकडं मराठी बोलणाऱ्या दुभाषी बाया मिळत नाहीत. मी दहावीचा फॉर्म भरला आहे, तमिळ वाचायला शिकते आहे. तुम्ही केलं ते मी अशीच फेडीन. एक दिवस तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसेन आणि समोर माझ्यासारखी पोरगी आली, की आधी दारातल्या माणसाला बाहेर काढीन, मगच तिला विचारीन.