आधी त्याला वाचून दाखवा

सरोज साळवे. आमच्या साळवेबाई. माझी मुलगी शाळेत टिकली ती यांच्यामुळे, म्हणून नाव आधी लिहितो. काय झालं ते मागाहून सांगतो.

बाई शाळेतून रिटायर झालेल्या, मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळीच्या, इंदिरानगरात एकट्या राहायच्या. मी किनवटकडचा, नाशिकला रिक्षा चालवतो. पहिल्यांदा बसल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन छापील कागद होते. म्हणाल्या, "भाऊ, थांबून राहाल का? एका माणसाला त्याच्याचबद्दल लिहिलेलं वाचून दाखवायचंय. चहा मिळाला तर अर्धा तास, नाही मिळाला तर पाच मिनिटं."

पाचव्या मिनिटाला आम्ही परत निघालो होतो.

बाई ब्लॉग लिहायच्या. देवाबद्दल, चर्चबद्दल, पेपरात जे चाललंय त्याबद्दल. बायकांना प्रवचनाला उभं करताना पुरुषांचे पाय का दुखतात, लढाई चालू असताना कुणासाठी प्रार्थना करायची, निवडणुकीत चर्चनं बोलावं की गप्प बसावं. असंच लिहिणारी मेथडिस्ट माणसं नागपुरात, गुजरातेत, पार अमेरिकेतही आहेत, आणि ती एकमेकांच्या लिखाणाखाली भांडतात, हे मला बाईंमुळे कळलं. सिग्नलला थांबलो की मागून बातमी यायची, "दादाराव, आज नागपूरवाला माझ्यावर घसरलाय." मी एकदा विचारलं, "बाई, एकाच देवाचे तुम्ही, मग एवढं भांडता कशाला?" म्हणाल्या, "घर आपलं आहे म्हणून. भाड्याच्या घराच्या गळक्या नळावर कोण जीव काढतं?"

त्यांचा एक नियम होता. ज्याच्यावर टीका लिहिली, त्याला आधी तोंडावर वाचून दाखवायची, मगच ती ब्लॉगवर टाकायची. त्यासाठी माझी रिक्षा. एका नगरसेवकाकडे गेलो, तर त्यानं सत्काराला आल्यात समजून शाल मागवली. बाई म्हणाल्या, "शाल राहू द्या. ऐकून झाल्यावर द्यावीशी वाटली तर बघू." मग वाटली नाही त्याला.

त्यांच्या चर्चचे सेक्रेटरी थोरातसाहेब. चर्चमध्ये एसी बसवला, आणि नांदगावकडच्या लहान चर्चला मात्र पाळक, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदाच मिळतो, असं बाईंनी लिहिलं होतं. थोरातसाहेबांनी फाटकाची कडी काढली नाही. बाईंनी फाटकाबाहेरूनच वाचायला सुरुवात केली.

"बाई, चर्चमध्ये राजकारण आणू नका. प्रार्थना करा," साहेब म्हणाले.

"प्रार्थनेत कुणाचं नाव घ्यायचं आणि कुणाचं गाळायचं, तिथंच राजकारण सुरू होतं, थोरातसाहेब. थांबा, दुसरा परिच्छेद तुमच्या बाजूचा आहे."

साहेबांनी ऐकलं. मग शांतपणे म्हणाले, "तो एसी एका कुटुंबानं आईच्या आठवणीत दिलाय. चर्चचा पैसा नाही त्यात." बाईंनी लगेच पर्समधून पेन काढलं आणि फाटकाच्या खांबावर कागद टेकवून तो आख्खा परिच्छेद खोडला. पाळकांबद्दलचा मात्र तसाच ठेवला. परत येताना म्हणाल्या, "मी आले ते बरं झालं. घरी बसून लिहिताना मी फार शूर असते."

अशा बाईंच्या हातून माझ्या बाबतीत चूक झाली.

माझी मुलगी प्रतीक्षा तेव्हा नववीत होती, गावी, तिच्या आईजवळ. शाळेचा तिला कंटाळा आला होता. मी फोनवर नेहमी सांगायचो, "मी हालात दहावी पास झालो, तुला काय धाड भरलीय?" खरं म्हणजे मी सातवी. आठवीच्या वेळी आमचं घर वीटभट्टीवर गेलं आणि दप्तर तिथंच संपलं. ही गोष्ट नाशिकमध्ये फक्त बाईंना माहीत होती.

बाईंनी माझ्यावर लेख लिहिला. छान होता. रिक्षात पेपर वाचून मी शब्दांचे अर्थ कसे विचारतो, वगैरे. सोबत माझा फोटो, आणि 'बिचारा सातवीत शाळा सुटलेला माणूस' असंही. कौतुकच आहे, म्हणून तो त्यांनी मला आधी वाचून दाखवला नाही. माझ्या पुण्यातल्या भाच्यानं तो गावच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "पोरगी म्हणते, पप्पा सातवीवर रिक्षा चालवतात तर मी नववीतून बसले तर काय बिघडलं? दप्तर माळ्यावर टाकलं तिनं. तुमच्याशी बोलत नाही म्हणते." दहा दिवस तिनं माझा फोन घेतला नाही.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लेख काढून टाकते, पण त्यानं काय होणार? वाचणाऱ्यांनी वाचला. दादाराव, गावाला गाडी कधी आहे?"

मी म्हणालो, "बाई, तुमचे गुडघे. केवढं लांब आहे ते."

"चूक लांबवर गेलीय. मग मला नको जायला?"

बहात्तर वर्षांच्या बाई माझ्याबरोबर गाडीत बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला. बाई म्हणाल्या, "पाणी मागाहून. आधी प्रतीक्षाशी बोलते." पोरगी दाराआड तोंड फिरवून उभी. बाईंनी ओट्यावर बसून लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. म्हणाल्या, "हे मी तुझ्या वडिलांना न विचारता छापलं. दुसऱ्याचं गुपित माझ्याकडे होतं, ते मी कौतुकाच्या कागदात गुंडाळून वाटलं. माझं चुकलं."

"अन् पप्पानं खोटं सांगितलं ते?" आतून आवाज आला.

"ते त्यांना विचार. मी माझी चूक घेऊन आलेय. त्यांची माझ्या पिशवीत नाही."

मग मला बोलावंच लागलं. वीटभट्टी सांगितली, लाज सांगितली. "खोटं काहून बोलले मंग?" ती म्हणाली. मी म्हणालो, "तुला वाटावं की आपल्या घरात कुणीतरी दहावीपर्यंत पोचलंय. रस्ता आहे म्हणून."

मग प्रतीक्षा बाहेर येऊन बाईंसमोर बसली. "तो शब्द विचारायचा भाग पुन्हा वाचा." बाईंनी वाचला. "आता ते 'बिचारा' काढा. माझे पप्पा बिचारे नाहीत."

बाईंनी पेन काढलं. तेव्हा सेक्रेटरीनं परिच्छेद खोडायला लावला होता, आता माझ्या नववीतल्या पोरीनं शब्द खोडायला लावला, आणि बाईंनी दोघांचंही सारख्याच मुकाट्यानं ऐकलं. मग बाई म्हणाल्या, "आता पाणी दे गं." सोमवारी पोरगी शाळेत गेली.

नाशिकला आल्यावर बाईंनी ब्लॉगवर माफी लिहिली, यावेळी मला आणि प्रतीक्षाला आधी फोनवर वाचून दाखवून. 'टीका तोंडावर करायला धीर लागतो असं मी समजत होते. स्तुतीलाही परवानगी लागते, हे एका शाळकरी मुलीनं शिकवलं.' खाली नागपूरवाल्यानं, म्हणे, पहिल्यांदाच भांडण न काढता 'आमेन' लिहिलं.

आता प्रतीक्षा अकरावीत आहे. बाई लेकाकडे नागपूरला गेल्या. जाताना, त्यांच्या चर्चमध्ये एकमेकांना म्हणतात तसं, मला म्हणाल्या, "सलाम, दादाराव. नीट राहा." मी नुसता हात जोडून उभा राहिलो.

यंदा मी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. बीजगणिताची भीती वाटते. पोरगी फोनवर शिकवते आणि रागावतेही. एका फेरीत होईल की तीन लागतील, सांगता येत नाही. पण बाई, मुलीला सांगितलेलं ते खोटं मी खरं करणार आहे. निकालाचा कागद हातात आला की नागपूरची गाडी धरीन आणि तो पहिल्यांदा तुमच्या हातात देईन.