रोख देऊ नये

भिकाऱ्याला पैसे द्यावेत की देऊ नयेत, या विषयावर आमच्या बाकावर आजवर जेवढी वाफ दवडली गेली, तेवढ्या वाफेवर पुण्याहून मिरजेपर्यंत मालगाडी ओढता आली असती. हा बाक मंडईमागच्या एका अमृततुल्य चहावाल्याच्या दारात आहे. सकाळचं फिरणं झालं की त्यावर मी बसतो, सर बसतात आणि ज्याला त्या दिवशी घरातून लवकर बाहेर काढलेलं असतं असा कोणीही तिसरा बसतो. तिसऱ्याला बोलायची परवानगी नसते. त्याने हुं म्हणायचं.

सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचा दरारा असा की ते रस्त्याने चालले की उलट्या बाजूने येणारे स्कूटरवाले आपणहून खाली उतरून गाडी ढकलत नेतात. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. माझी बायको माझ्या कोणत्याही हकिगतीतून तीन चतुर्थांश वजा करून उरलेलं ऐकते, पण याबाबतीत तिनेही निम्म्यावर तडजोड केली होती.

सरांचं मत ठाम होतं. "रोख पैसा हातात पडला की तो गुत्त्यात जातो, नाहीतर कुठल्यातरी दादाच्या खिशात. द्यायचंच तर वस्तू द्या. पोटात जाईल असं द्या."

माझं मत खिशाचं होतं, आणि अजून आहे. हात खिशात घातला आणि नाणं लागलं तर द्यावं. रुमाल लागला तर घाम पुसावा. कात्रजच्या सिग्नलला काचेवर टकटक झाली की सगळे मोटारवाले एकदम मोबाइलमध्ये डोकं घालतात. मी निदान उघड उघड आकाशाकडे पाहतो. एवढाच माझा आणि त्यांचा फरक.

बाकासमोर, रस्त्याच्या पलीकडे एक मारुती आहे. देऊळ एवढं लहान की मारुतीला शेपटी बाहेर ठेवावी लागली असती. त्याच्या पायरीला लागून एक म्हातारी बसायची. सगळे तिला आजी म्हणायचे. सरही म्हणायचे, आणि तिला ते अजिबात चालत नसे.

"वो मास्तर, आजी कुनाला म्हनताय? तुमी काय काल जन्मलाय व्हय?"

ती रात्री एका भांड्यांच्या दुकानाच्या फळीखाली झोपायची आणि उजाडलं की पायरीशी येऊन बसायची. ओरडायची नाही, पदर पसरायची नाही. समोर एक जर्मनची वाटी ठेवून मारुतीकडे येणाऱ्याजाणाऱ्यांना तपासणी नाक्यावरच्या हवालदारासारखी बघायची. लोक आपोआप वाटीत काहीतरी टाकत. तेही हल्ली कमी झालं होतं, कारण कुणाच्याच खिशात नाणं नसतं. एकदा एका तरुणाने खाली वाकून तिला विचारलं होतं, "आजी, स्कॅनर आहे?" ती म्हणाली, "हाय की. फुडं जाऊन डावीकडं." तो खरोखर गेला.

तर या आजीवर सरांनी प्रयोग करायचं ठरवलं. पुण्यात एखाद्याचं मत पक्कं झालं की तो ते पत्र्यावर रंगवून आणतो. सरांनी आणलं. पांढऱ्यावर काळ्या रंगात, फळ्यावरच्या वळणदार अक्षरात:

कृपया रोख भीक देऊ नये. खाद्यपदार्थ अगर उपयुक्त वस्तू द्यावी. केळी सोलून देऊ नयेत. घरचं शिळं घरीच खावं. हुकमावरून.

हुकूम कुणाचा, हे कुणीही विचारलं नाही. देवळाचे पुजारी सरांचे विद्यार्थी होते आणि पन्नाशी उलटली तरी घाबरून होते. त्यांनी स्वतःच्या हाताने तारेने ती पाटी आजीच्या डोक्यावरच्या गजाला बांधून दिली.

आजीने वर पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. पुजाऱ्यांनी वाचून दाखवलं. ती उठली, रस्ता ओलांडून बाकापाशी आली.

"मास्तर, ते काडा. मला नानी लागत्यात."

"कशाला?"

"लागत्यात."

"अहो, पण कशाला? सांगा ना. ती वस्तू मी आणून देतो. उद्या सकाळी."

तिने पदर ओढून घेतला आणि माझ्याकडे, चहावाल्याकडे आणि हुं म्हणणाऱ्या तिसऱ्याकडे एकदा बघितलं.

"तुमाला न्हाई आनता यायची," म्हणाली, आणि परत जाऊन बसली.

"तंबाखू," सर म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"

तिला नाणी कशाला लागत होती, हे आम्हा शहाण्यांना कळायला बरेच दिवस लागले. तुम्हाला कशाला ताटकळत ठेवू? कोपऱ्यावर सार्वजनिक शौचालय होतं. बायकांच्या बाजूला खिडकीत एक माणूस बसलेला असे आणि नाणं घेतल्याशिवाय तो आत सोडत नसे. जाताना नाणं, आंघोळीला जास्त नाणी. एवढंच. दिवसभर उघड्या रस्त्यावर बसणाऱ्या बाईला त्या वाटीतून काय हवं होतं तर एक आडोसा आणि एक कडी.

पण ते चार पुरुषांच्या तोंडावर ती सांगणार नव्हती, आणि आम्ही तर प्रयोगात रंगलो होतो.

प्रयोग यशस्वी झाला. इतका, की मंडईतले केळीवाले सरांना लांबून नमस्कार करू लागले. पहिल्याच शनिवारी बिस्किटांच्या पुड्यांची अशी भिंत उभी राहिली की तिच्याआड मारुती दिसेना. लोक पुड्यांनाच हात जोडून पुढे जात. केळ्यांचं तर बोलूच नका. आसपासच्या गायी साली खाऊन कंटाळल्या आणि लक्ष्मी रोडला निघून गेल्या. पाटीचा फोटो मोबाइलवरून गावभर फिरला, आणि लोक मुद्दाम गाडी वळवून वस्तू द्यायला येऊ लागले. कुणी शाल दिली, कुणी पंचांग दिलं. एका गृहस्थांनी 'उपयुक्त वस्तू' या सदराखाली हेल्मेट दिलं. पुण्यात हेल्मेट देऊन टाकायची संधी कोण सोडेल?

आजी सगळं घ्यायची आणि वाटून टाकायची. हमालांना, फुलवालीला, कुत्र्यांना. चहावाला तिच्याकडून बिस्किटांचे पुडे घेई आणि बदल्यात तिला चहा देई. तीच बिस्किटं आम्ही त्याच्या बरणीतून विकत घेऊन चहात बुडवत असू. सरांनी सकाळी दिलेला पुडा सरांच्याच पोटात गेल्याचं मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. काही गोष्टी नुसत्या बघण्यात जास्त मजा असते.

वाटीत मात्र नाणं पडेना. पुणेरी माणूस सिग्नल पाळणार नाही, पण पाटी पाळतो.

मग तिने चहा घेणं बंद केलं. चहावाल्याचा पोऱ्या ग्लास घेऊन गेला की हाताने नको म्हणायची. सरांना त्यात प्रगती दिसली. "बघा, व्यसन सुटत चाललंय. पहिल्यांदा चहा, मग तंबाखू." तिला तंबाखू खाताना आमच्यापैकी कुणीही कधी पाहिलं नव्हतं, पण ती सुटायला आता वेळ लागणार नव्हता.

पुढच्या शनिवारी माझी बायको मारुतीला तेल घालायला माझ्याबरोबर आली. चैत्र संपत आलेला. सकाळीच फरशी पायाला चटके देत होती. बायको बाहेर आली तर आजी भिंतीला टेकून बसलेली, ओठ फुटलेले, आणि बाजूला कुणीतरी दिलेल्या पाण्याच्या बाटल्यांची रांग. सगळ्यांची बुचं बंद.

"मावशी, पाणी का पीत नाही हो?"

आजीने आधी बाकाकडे पाहिलं. आम्ही लांब आहोत याची खात्री केली. मग बायकोच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. मी या बाजूने फक्त एवढं बघितलं की बायको तिथेच पायरीवर बसली. नवी साडी होती. शनिवारचं तेल सांडलेली पायरी होती. तरी बसली.

काय बोलणं झालं ते तिने नंतर सांगितलं. पाणी प्यालं की जावं लागतं, म्हणून पिणंच बंद. आधी आजीने खिडकीतल्या माणसाला केळी दिली. पहिल्या दिवशी त्याने घेतली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मालकाला संध्याकाळी काय केळं दाखवू?" तिने शाल देऊ केली. त्याने हेल्मेटही डोक्यावर घालून बघितलं म्हणे, बसेना.

"अंधार पडंस्तवर दम धरते, बाई," आजी म्हणाली होती. "मंग तिकडं मंडईच्या मागं जाते. पर तितं बी आता रातभर मानसं असत्यात."

बायको सरळ रस्ता ओलांडून आली. तिला बाकावर जागा द्यायला आम्ही तिघेही उठलो. ती बसली नाही.

"सर, एक विचारू?"

"विचारा की, वहिनी."

"सकाळी घरातून निघाल्यापासून हा चहा संपेपर्यंत तुम्ही कितीदा जाऊन येता?"

आता, आमची फेरी तशी छोटी आहे. पण सरांच्या वयामुळे तिला मुक्काम फार. कोणती मुतारी कुठे आहे हे सरांना डोळे मिटूनसुद्धा सांगता आलं असतं. गणिताचा माणूस, पण आकडा सांगितला नाही. चष्मा काढून पुसायला लागले.

"तिथल्या माणसाला काय देता? केळं?"

"पुरुषांना तिथे पैसे पडत नाहीत, वहिनी," सर म्हणाले.

हुं म्हणणाऱ्या तिसऱ्यानेही हुं म्हटलं नाही. बायकोने पर्स उघडली, आतली सगळी नाणी मुठीत घेतली आणि परत पलीकडे गेली. तिने वाटीत ती टाकली नाहीत. आजीच्या हातात दिली, तिला धरून उठवलं, आणि दोघी कोपऱ्याकडे चालू लागल्या. सर अर्धा चहा तसाच ठेवून घरी गेले.

मी काय केलं? मी त्या खिडकीतल्या माणसाला झापायला गेलो. माझा आवाज मोठा आहे. मी मंडईत भाव विचारला की हडपसरला भाव उतरतात. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, मालक रोज ठरलेले घेतो. फिनेल माझं, झाडू माझा. आजीला फुकट सोडली की उरलेल्या सगळ्या फुकट येतील, आणि त्यांनी तरी का येऊ नये? तुमचा आवाज चांगला आहे. जरा महापालिकेत जाऊन लावा." मी म्हटलं, बघतो. अजून बघतोच आहे.

दुसऱ्या दिवशी सर पक्कड घेऊन आले. पुजाऱ्यांनी तार इतक्या भक्तिभावाने पिळली होती की सरांना घाम फुटला. पाटी काढून त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत मारली. आजी खालून बघत होती. माफी वगैरे मागायची सरांच्या विषयात पद्धत नाही. उदाहरण चुकलं की ते पुसायचं आणि पुन्हा मांडायचं.

आता तुम्ही विचाराल, शेवटी ठरलं काय? द्यावेत की देऊ नयेत? काही ठरलं नाही. सिग्नलवरच्या मुलांबद्दल सर अजूनही तेच म्हणतात, आणि ते सगळंच खोटं आहे असं मलाही म्हणवत नाही. मी अजून आकाशाकडे बघतो. गुत्ते आहेत, दादा आहेत, हे सगळं आहेच. बाकावर वाफ पूर्वीइतकीच निघते.

पण परवाची गोष्ट सांगतो. शनिवार होता, मारुतीपुढे गर्दी होती. आजीने सरांना हाक मारली, "वो मास्तर, वाईच गठुडं बघा," आणि कोपऱ्यावर गेली. सर तिच्या जागेपाशी उभे राहिले. बसले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. गाठोड्याच्या आणि वाटीच्या मध्ये, हात मागे बांधून, परीक्षेत पर्यवेक्षक उभा राहतो तसे. तेवढ्यात पाठीला लॅपटॉपची बॅग अडकवलेला एक मुलगा देवळातून बाहेर आला. घाईत होता. त्याने सरांकडे बघितलं, पाकीट काढलं आणि एक नोट सरांपुढे धरली.

"घ्या, काका."

मी बाकावरून निम्मा उठलो. आता या पोराला नापास करून घरी पाठवतात की काय, असं वाटलं.

"माझी जागा नाही ही," सर म्हणाले. "त्या तिकडे गेल्यात. येतीलच."

"मला ऑफिसला उशीर होतोय हो. तुम्हीच द्या ना त्यांना."

सरांनी नोट उलटसुलट करून पाहिली आणि त्याला परत दिली.

"त्या समोरच्या चहावाल्याकडून ही मोडून आणा," ते म्हणाले. "नाणी आणा. तिकडे त्यांना सुट्टे परत देत नाहीत."