घरातली मोठी मुलगी

बाराव्या वर्षी मी एका अनाथ मुलीसाठी इतकी रडले, की आईने माझ्या हातातलं पुस्तक काढून देवळीत ठेवून दिलं. मुलगी पुस्तकातली होती. कुठल्याशा थंड देशातली जुनी कादंबरी, कुणीतरी मराठीत उतरवलेली, पहिली पानं गळालेली. बाबांचं ऑफिस सदर भागात होतं आणि येताना ते तिथल्या वाचनालयातून माझ्यासाठी पुस्तकं आणत. त्या मुलीला आईबाप नव्हते. नातेवाइकांच्या घरी ती उपऱ्यासारखी राहायची आणि कुणीतरी आपल्याला आपलं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. त्या नातेवाइकांना मी मनातल्या मनात घातलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

तेव्हा आमच्या घरातही एक अनाथ मुलगी राहत होती. माझी मावसबहीण, माझ्याहून दीड वर्षाने मोठी. मावशी आणि तिचा नवरा कामठीला एकाच वर्षात पाठोपाठ वारले आणि आई तिला आमच्याकडे घेऊन आली. पुस्तकातली ती आणि घरातली ही, दोघी माझ्या डोक्यात कधी शेजारी-शेजारी उभ्या राहिल्याच नाहीत. आणि मी म्हणे वर्गातली हुशार! दुपारी ती शिवायला बसायची आणि मी तिला तीच कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायचे. वर मध्येच थांबून विचारायचे, "किती वाईट लोक आहेत नं वं?" ती "हो" म्हणायची आणि सुईत दोरा ओवायची.

कोजागिरीच्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यात मोठ्या अपत्याला ओवाळायची आमच्याकडे रीत आहे. पाटावर बसायचं, आईने कुंकू लावून ओवाळायचं आणि मग हातात नवा कपडा ठेवायचा. धाकट्यांना त्या दिवशी कुणी विचारत नाही. माझा भाऊ बिचारा दाराला टेकून नुसता बघत राहायचा. वर्षातला तो एक दिवस निव्वळ माझा होता आणि मला त्याचा भारी तोरा होता.

त्या वर्षी मी हातपाय धुऊन आले, तर पाटावर ती बसलेली. अंग चोरून, पण बसलेली. कपाळाला कुंकू लागलेलं होतं. आई तबकातलं निरांजन लावत होती.

"अवंदापासून हिचा मान," आई म्हणाली. "घरात आता मोठी हीच आहे."

"काहून?" मी ओरडले. "ह्या घरची मोठी मी आहो. तिले तिची आई ओवाळीन. तू माही आई आहे!"

तिची आई कुठे होती, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच ते वाक्य तोंडात आलं. आज इतक्या वर्षांनी ते लिहितानाही माझा चेहरा गरम होतो.

ती लगेच उठली. "मावशी, दूध उतू जाऊन राहिलं," म्हणत स्वयंपाकघरात गेली. दूध अजून चुलीवर चढलंच नव्हतं.

आईने मला एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. पण मी भोकाड पसरलं होतं, सणाचा दिवस होता, शेजारच्या बायका डोकावायला लागल्या होत्या. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. आईने मला पाटावर बसवलं, ओवाळलं आणि कपाटातून नवा फ्रॉक काढून माझ्या हातात दिला. निळ्या फुलांचा, गांधीबागेच्या बाजारातून आणलेल्या कापडाचा. मी तिथल्या तिथे अंगात घातला. खांदे उतरले, बाह्या कोपराखाली आल्या, घेर पोटऱ्यांपर्यंत लोंबला.

"वाढतं अंग आहे," आई कुणाकडेही न बघता म्हणाली.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. आईने माप कुणाचं घेतलं होतं आणि किती दिवसांपासून हे मनात धरलं होतं, सगळं कळलं. तेव्हाही मला तो फ्रॉक काढून तिला देता आला असता. मी तो तसाच घालून भावासमोर मिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने फ्रॉक लहान करायला तिच्याकडेच दिला. मी तो घालून उभी राहिले आणि ती माझ्याभोवती गुडघ्यांवर फिरत घेर मुडपून टाके घालू लागली. माझ्या हातात कादंबरी होती, शेवटचं प्रकरण राहिलं होतं. मी मोठ्याने वाचू लागले. त्या मुलीसाठी अखेर एक दार उघडलं, कुणीतरी तिला हाताला धरून आत नेलं आणि हे आता तुझंच घर म्हटलं. मी हुंदके देऊन रडू लागले.

तिने दातांनी दोरा तोडला.

"भेटलं नं तिले घर?" तिने विचारलं. "मंग तू काहून रडून राहिली वं? सरळ उभी राह्य. टाका चुकते."