पदरात घेतलेली डाळ

सुमे, लेकी, मनानंच का होईना, अशी जवळ बस आन् बोलणी खा. मागच्या खेपेला कॉलेजच्या नोट्स ज्वारीच्या पोत्यावर टाकून गेलीस, उंदरांनी त्यावर घाण केली. पुसायला घेतल्या तर वास हातालाच चिकटला.

दुष्काळात आमच्या गावच्या सोसायटीच्या रेशन दुकानात असाच वास यायचा. मी मॅट्रिकला बाहेरून बसणार होते. भूगोल, विज्ञान, इतिहास, सगळं मागून आणलेल्या पुस्तकांतनं उतरवलेलं. सोसायटीच्या चेअरमनच्या बायकोनं लेकासाठी ते कागद नेले आन् परत देईना. एक दिवस आईबरोबर रांगेत होते, तर डाळीच्या पुड्या माझ्याच अक्षरातल्या! डाळीत किडे, उंदराच्या लेंड्या, आन् खाली माझे ‘पाण्याचे गुणधर्म’.

“चेअरमनसाहेब, हे कागद माझे हायत.”

तो पान थुंकून हसला. “पोटाला मिळतंय न्हवं? शिकून कलेक्टर हुतीस काय?”

त्या लाल दातांची किळस अजून जात न्हाई.

आईनं पुडी पदरात रिकामी केली आन् कागद माझ्या हातात दिला. मागच्या बाईनंही तेच केलं, मग तिच्या मागचीनं. एकीनंही कागद घरी नेला न्हाई.

त्याला चार शिव्या घातल्या न्हाईत म्हणून मी आईवर लई चिडले होते. आता कळतं, उद्या परत त्याच रांगेत उभं राहायचं होतं तिला.

नाकाला पदर लावून मी ती पानं वाचली आन् पास झाले.

तुझी पानं उन्हात वाळत घातलीत. वास जायच्या आत ये, बाई, तुझ्याही नाकाला कळू दे, आन् घेऊन जा.