तोंडी परीक्षा आणि गाऱ्हाणं

अर्जलेखन शिकवायला भाषेची आवड असून भागत नाही, तिचा गळा दाबायची तयारी लागते. माझी ती आहे. रत्नागिरीतल्या एका ज्युनियर कॉलेजात मी अकरावीला मराठी शिकवतो. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ हे वाक्य मी पोरांकडून इतकं घोटून घेतलंय, की त्यांतली काही झोपेतही सादर होत असतील. सविनय.

यंदा मराठीची तोंडी परीक्षा नेमकी शिमग्यात लावली. वेळापत्रक करणारी आमची समिती भिंतीवरचं कॅलेंडर फक्त स्वतःच्या रजांसाठी बघते. इकडे गावोगाव देवाची पालखी घरोघर नाचत जाणार आणि आमची पोरं वर्गाबाहेर रांगेत उभी राहून कवितेचं रसग्रहण पुटपुटणार. गैरहजर राहिलं तर शून्य मार्क.

जयगडकडची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. तिचे वडील जहाजावर. कित्येक शिमगे हुकल्यावर यंदा ते घरी होते आणि पालखी खांद्यावर घेणार होते. नेमकी परीक्षेच्याच दिवशी.

“सर, तारीख बदला ना.”

“मी कोण बदलणार? प्राचार्यांना अर्ज करायचा. वर्षभर काय शिकवलंय मी?”

पोरं चुका करतील म्हणून अर्ज मीच लिहिला. देखणा झाला. कुठेही जिवंतपणाचा डाग नाही. दुसऱ्या दिवशी तो परत आला. प्राचार्यांनी हिरव्या शाईत शेरा मारला होता : ‘कारण स्पष्ट होत नाही.’

मुलीने तो वाचला. “सर, ह्यात शिमगा कुठे हाय?”

“हे काय, ‘स्थानिक सांस्कृतिक उपक्रम’.”

“आणि पालखी?”

“‘तदनुषंगिक कार्यक्रम’.”

“मग माझे बाबा?”

मी पुन्हा नजर फिरवली. “ते ‘इत्यादी’मध्ये आले.”

तिने अर्जाची घडी घालून तो माझ्या हातात दिला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. एका माणसाला त्याच्या लेकीसमोर इत्यादीत ढकलायला एम.ए. व्हावं लागतं.

दुपारी अख्खा वर्ग प्राचार्यांच्या केबिनवर गेला. शिस्तीसाठी मीही मागोमाग गेलो. म्हणजे पोरांना पुढे घालून. मुलीने “महोदय” म्हटलं आणि ती अडकली. मी मागून “उपरोक्त, उपरोक्त” असं कुजबुजत होतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या, हात जोडले आणि आवाज लावला. तिचे आजोबा गावात देवापुढे गाऱ्हाणं घालतात, हे मला नंतर कळलं.

“बा देवा म्हाराजा! ही तुजी लेकरां आज तुज्या दारात उबी हायत...”

“व्हय म्हाराजा!” वर्ग गरजला.

“वरसाची पालखी घरात येतेय, बाप दर्यावरना घरी आलाय, नि ह्यांच्या वाटेत परीक्षा आडवी पडलीय. ती बाजूला कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

या वेळी त्यात एक जाड आवाज जास्त होता. प्राचार्यांचा. हे गृहस्थ संगमेश्वराकडचे, पण ते आम्ही कधी त्यांच्या बोलण्यात पकडलं नव्हतं. परिपत्रकाखेरीज ते घरीही बोलत नसावेत अशी माझी समजूत होती. आता ते खुर्चीतून अर्धे उठले होते आणि हात कपाळाला लागले होते. मग भानावर येऊन त्यांनी खाकरून घेतलं.

“हा काय प्रकार आहे, सर?”

“उपयोजित लेखन, सर,” मी म्हणालो. “प्रात्यक्षिक.”

परीक्षा पालखी देवळात परतल्यानंतरची ठरली.

त्या दिवशी पोरं आली, पण एकाच्याही घशातून आवाज निघेना. देवाच्या नावाने चार दिवस बोंब मारून सगळे कोरडे ठाक. माझ्यापुढच्या तक्त्यात रकाने होते : उच्चार, आरोह-अवरोह, आवाजाची स्पष्टता. ती मुलगी बसली. मी टेबलावरून पुढे झुकलो, कान तिच्या तोंडाशी नेला. कविता बाजूला ठेवून ती घोगऱ्या फुसफुशीत सांगू लागली : बाबांनी पालखी कशी खांद्यावर घेतली, अंगणात कशी नाचवली, आणि खाली ठेवल्यावर ते तिच्या गळ्यात पडून कसे रडले.

आवाजाच्या रकान्यात काय लिहावं? शेजारी प्राचार्य देखरेखीला बसले होते. मी त्यांना विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं, पोरांसारखीच नुसती फुसफुस बाहेर आली, ते मिटलं, आणि हातानेच खूण केली. द्या. पूर्ण द्या.