उपरण्याखालचे बोट

सौद्यात ज्याचा हात नाही, त्याच्याविषयी व्यापाऱ्यावर काही जबाबदारी असते का? हा प्रश्न मनात धरून मी हे लिहायला बसलो आहे, आणि त्याचे उत्तर ग्रंथांत न शोधता एका माणसात शोधणार आहे. पारिसाप्पा हे निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. सारे त्यांना आप्पा म्हणत. इंग्रजी अमदानीची ती शेवटची वर्षे होती. मी तेथील शाळेत शिक्षक होतो आणि रविवारी त्यांच्या वखारीत जाऊन कंपन्यांची इंग्रजी पत्रे वाचून दाखवीत असे.

त्या काळी तंबाखूचा भाव तोंडाने सांगत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, हातांवर उपरणे पांघरत आणि आतल्या आत एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. भोवतालच्यांना तो कळू नये, एवढाच हेतू. सौदा ठरला की हात सुटत. आप्पा मात्र हात सुटल्यावर उपरणे उचलून खाली पाहत. तेथे काहीच नसे. मग ते आपली करंगळी हळूच चोळीत.

"काय वं आप्पा, अंगठी पडली काय?" शिदू दलाल विचारी.

"न्हाय रं."

"मग हुडकताय काय? आमची बोटं आमच्याजवळच हाईत. बघा, सगळी हाईत!"

सगळे हसत. आप्पा हसत नसत.

एका दुपारी पत्रे संपल्यावर मी त्यांना कारण विचारले. दारातून आलेल्या उन्हात तंबाखूची धूळ तरंगत होती. आप्पांनी पत्रांची चळत बाजूला सारली.

"उपरण्याखाली हात असताना मधनं कुणी जायचं न्हाय, ही आमची रीत. म्हाईत हाय न्हवं, मास्तर?"

मला ठाऊक होते. कोणी मधून गेले की सौदा फिसकटतो, अशी समजूत होती.

"एका साली आमी ह्या दारातच सौद्याला बसलो होतो. आत बाया तंबाखू चाळत होत्या. त्यातली तानाक्का आपलं तान्हं पोर घिऊन आली. धुळीनं गुदमरलेलं. 'आप्पा, वाईच भाईर जाऊ द्या,' म्हणाली. मी मोकळ्या हातानं थांब म्हणून खूण केली. ती थांबली बघा. उंबऱ्याच्या आतच. आमचं भावात थोडक्यात अडलं होतं. सौदा ठरला, मी वर बघितलं, तर पोरानं मान टाकली होती."

आप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "समोरच्यानं हात काढून घेतला होता, मास्तर. माझी करंगळी मात्र कुणीतरी धरली होती. बारक्या मुठीनं. अजून धरतंय. दर सौद्याला."

ते मूल गेले त्या हंगामानंतर आप्पांनी वखारीचे दार मोकळे ठेवले आणि सौदे अंगणात नेले. वखारीपासून दूर, धूळ पोचणार नाही अशा बाजूला, त्यांनी मुलांसाठी एक कौलारू खोली बांधली. तेथे तानाक्का कामकरणींची मुले सांभाळू लागली. बायांनाही आप्पा चाळणे थांबवून मधूनमधून मोकळ्या हवेत पाठवीत. साहजिकच त्यांचा माल इतरांपेक्षा महाग पडू लागला.

नीतिशास्त्रात एक मत कृतीचा परिणाम पाहते, दुसरे तिच्यामागचा हेतू. पहिल्या मताने आप्पा निःसंशय चांगले ठरतात. दुसरे मत मात्र विचारते, हे कर्तव्य म्हणून केले की भीतीपोटी? मी हा भेद त्यांना नीट समजावून सांगितला.

"भ्यालोय की मी," आप्पा म्हणाले. "न भिता केलं असतं तर लई बरं झालं असतं. पर न भिता कुणी केलंय ते दाखवा की मला."

पुढे एका वर्षी माल पडून राहिला. हुबळीकडचा एक मोठा खरेदीदार तो सगळा उचलायला आला. सौदा मोडला तर वखार विकावी लागणार, हे सर्वांना ठाऊक होते. अंगणात उपरणे पडले. बोटे दाबली गेली, पुन्हा दाबली गेली. खरेदीदार वैतागून उघडच बोलला, "ती पोरांची खोली बंद करा, आप्पा. तिचा भार माझ्या भावात कशाला?"

आप्पांनी नकारार्थी मान हलवली.

"धंदा करायला बसलाय, का पोरं जोजवायला?" असे म्हणून त्याने हात झटकून काढला आणि तो फाटकाबाहेर निघून गेला.

आप्पांचा हात उपरण्याखालीच होता. भर दुपार होती. "मास्तर, तुमी उचला ते," ते म्हणाले.

मी उपरणे उचलले. खाली आप्पांचा एकट्याचा हात होता. पण करंगळी इतर बोटांपासून ओढल्यासारखी दूर झाली होती आणि तिच्याभोवतीची कातडी पांढरी पडली होती, कोणी घट्ट धरल्यावर पडते तशी. माझ्यादेखत तेथे हळूहळू रक्त परत आले.

वखार विकली गेली. जास्त देणाऱ्याला नव्हे, तर खोली चालू ठेवीन असे कबूल करणाऱ्याला आप्पांनी ती दिली. त्यानंतरच्या थंडीत ते गेले.

तानाक्काला समाधान वाटेल म्हणून मी त्या मुठीची गोष्ट तिला सांगितली. ती झोळीला झोका देत होती. झोका थांबला नाही.

"म्हाईत हाय. मला बी सांगितलं होतं त्येंनी," ती म्हणाली. "पर माझं पोर असतं तर मला धरलं असतं, मास्तर. त्येंना कशाला धरील?"

"हे आप्पांना कधी बोललीस?"

"बोलले असते, तर ही खोली ऱ्हायली असती काय?"

मग आप्पांची करंगळी धरणारे ते कोण होते, हे मला आजही सांगता येत नाही. आरंभीच्या प्रश्नाला मात्र माझे उत्तर 'होय' असे आहे. वाचकांनी ते माझ्या शब्दावर स्वीकारू नये, एवढीच विनंती आहे. आपल्या गावच्या एखाद्या वखारीच्या वा कारखान्याच्या दारात भर दुपारी उभे राहावे, डोळे आतल्या अंधाराला सरावू द्यावेत, आणि उंबऱ्याच्या आत कोण थांबले आहे ते स्वतः पाहून घ्यावे.